रशियन वचनं कोणाच्या तोंडून आली? नाटक आणि साहित्यातून जन्मलेल्या रशियन बोलांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'क्रिलातिये स्लवा' म्हणजे काय? त्या म्हणीच ना?

नाही. रशियन म्हणीला 'पस्लोवित्सा' म्हणतात आणि ती कोणी रचली हे सांगता येत नाही. 'क्रिलातिये स्लवा' म्हणजे 'पंख असलेले शब्द'. त्यांचा जन्मदाखला सापडतो: लेखक, कृती, अंक, प्रवेश आणि मुख्य म्हणजे ते वाक्य बोलणारं पात्र. 'बोले तैसा चाले, त्याची वंदावी पाउले' असं कोणी म्हटलं की आपल्याला तुकोबा आठवतात, तशातली ही गोष्ट. पंखांची कल्पना मूळची होमरची. १८६४ मध्ये बर्लिनला गेओर्ग ब्यूखमान यांनी अवतरणांचा जर्मन कोश याच नावाने काढला आणि नंतर हे नाव रशियनमध्येही रुळलं. रशियन वाचकाच्या हाताशी असतो तो आशुकिन दांपत्याचा कोश. त्याची पहिली आवृत्ती १९५५ची.

खाली रशियन शब्द साधारण उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. आघात नसलेला 'ओ' रशियनमध्ये 'अ'कडे झुकतो, म्हणून 'स्लोवा' न लिहिता 'स्लवा' लिहिलं आहे. 'ज' बहुतेक ठिकाणी 'जाड'मधल्यासारखा वाचावा.

एकाच नाटकातून सर्वाधिक वचनं कोणत्या नाटकाने दिली?

अलेक्सांद्र ग्रिबोयेदवच्या 'गोर्ये अत उमा' या पद्य विनोदिकेने, आणि त्याबद्दल फारसा वाद नाही. नावाचा अर्थ 'बुद्धीपायी दुःख'. १८२४ मध्ये ती पूर्ण झाली, पण सेन्सॉरने अडवली. १८२५ मध्ये एका वार्षिकात फक्त काही भाग छापून आला. बाकी नाटक लोकांनी हाताने उतरवून घेतलं आणि त्या वह्या देशभर फिरल्या. पुश्किनने जानेवारी १८२५ मध्ये हस्तलिखित ऐकलं आणि एका मित्राला पत्रात लिहिलं की यातल्या निम्म्या ओळी म्हणी व्हायला हव्यात. नाटक रंगभूमीवर आलं १८३१ मध्ये, छापलं गेलं १८३३ मध्ये तेही काटछाट करून, आणि काटछाटीविना रशियात निघालं १८६२ मध्ये. ग्रिबोयेदव १८२९ मध्येच तेहरानला रशियन वकिलातीवरच्या हल्ल्यात मारला गेला होता. म्हणजे नाटक छापून येण्याआधीच त्यातल्या ओळी लोकांच्या तोंडी होत्या. आमच्या मते या ओळी इतक्या घट्ट रुजल्या त्याचं एक कारण हेच: ज्याने वही स्वतः उतरवली, त्याची निम्मी ओळ तिथेच पाठ झाली.

दुसरं कारण छंदाचं. हे नाटक मुक्त आयॅम्बिक छंदात आहे, म्हणजे एक हलका आणि एक आघाताचा स्वर अशा जोडीचे गण. ओळीत एक ते सहा गण, ओळ हवी तिथे तोडलेली, पण यमक मात्र पक्कं. बोलण्याचा वेग राहतो आणि ओळ लक्षातही राहते. क्रिलोवच्या बोधकथांचा छंदही हाच, आणि वचनांच्या मोजणीत त्याच्या शेजारी क्रिलोवच येतो.

त्यातली कोणती वचनं आजही रोज ऐकू येतात?

'अ सुद्यि क्तो?' म्हणजे 'पण न्यायाधीश कोण?' दुसऱ्या अंकात नाटकाचा नायक चात्स्की हे विचारतो. आपल्यावर निकाल देणाऱ्यांची लायकी काय, असं म्हणायचं असेल तर आजही हेच तीन शब्द वापरतात.

'स्लुझित बि राद, प्रिस्लुझिवत्सा तोश्ना' हेही चात्स्कीचंच. सेवा करायला आनंद आहे, हुजरेगिरीची मात्र शिसारी येते. इथली गंमत धातूत आहे: 'स्लुझित' म्हणजे नोकरी, सेवा, त्यालाच उपसर्ग आणि प्रत्यय लागून 'पुढेपुढे करणं' होतं. मराठीत 'चाकरी' आणि 'लाचारी' असे दोन शब्द घेतले तर थोडं जमतं, पण एकाच धातूची ती चपराक हातून निसटते.

'श्चस्लीविये चसोव न्ये नब्ल्युदायुत', सुखी माणसं घड्याळ बघत नाहीत. हे सोफियाचं वाक्य. रात्रभर मोलचालिनसोबत बसल्यावर उजाडलं कसं, याचं ती दासीला दिलेलं उत्तर. आज ते लग्नाच्या शुभेच्छापत्रांवर दिसतं. मूळ प्रवेशात मात्र सोफिया फसवली जात आहे आणि तिला ते ठाऊक नाही.

'ज्लिये यजिकी स्त्रश्न्येये पिस्तल्येता', वाईट जिभा पिस्तुलापेक्षा भयंकर. निंदेविरुद्धचं धाडसी वचन म्हणून ते सांगितलं जातं, पण बोलतो मोलचालिन: नाटकातला सगळ्यात भित्रा, वरिष्ठांपुढे वाकणारा माणूस. त्याच्या नावावरून 'मोलचालिनपणा' हा शब्दही भाषेत आला.

'स चूस्त्वम, स तोल्कम, स रस्तनोव्कय' म्हणजे भावना ओतून, समजून, थांबत-थांबत. वाचन शिकवताना शिक्षक हे म्हणतात. नाटकात सोफियाचा बाप फामुसव आपल्या नोकराला पंचांगवहीतल्या नोंदी अशा वाचायला सांगतो, आणि त्या नोंदी असतात कुठे जेवायला जायचं याच्या.

'मातृभूमीचा धूरही गोड लागतो' हे ग्रिबोयेदवचं की दुसऱ्या कोणाचं?

तोंडी आहे चात्स्कीच्या, पण तो स्वतःच अवतरण देतो आहे. ओळ गव्रीला देर्झाविनच्या १७९८च्या 'आर्फा' या कवितेतली, शब्दांचा क्रम किंचित बदललेला. देर्झाविनच्या मागे एक लॅटिन वचन आहे, आणि त्याच्याही मागे मायभूमीचा निदान धूर तरी दिसावा म्हणून तळमळणारा होमरचा ओडिसियस. अशा ठिकाणी 'मूळ कोणाचं' याला एक नाव पुरत नाही. 'देर्झाविनची ओळ, ग्रिबोयेदवमुळे प्रसिद्ध' असं लिहावं.

क्रिलोवची वचनं कुठे आणि कशी वापरायची?

इवान क्रिलोवच्या बोधकथा रशियन मुलं शाळेत पाठ करतात, त्यामुळे निम्मी ओळ म्हटली तरी उरलेली समोरच्याला येते. 'अ वोज इ नीने ताम', गाडा अजून तिथेच: हंस आभाळाकडे ओढतो, खेकडा मागे सरतो, पाईक मासा पाण्याकडे खेचतो (१८१४). अडकलेल्या कामाबद्दल बातम्यांच्या मथळ्यांत हे हमखास येतं. 'स्लना-ता या इ न्ये प्रिम्येतिल', हत्ती काही माझ्या नजरेला पडला नाही: पीटर्सबर्गच्या कुन्स्तकामेरा संग्रहालयात बारीकसारीक किडे बघून आलेला माणूस हे सांगतो. मुख्य गोष्टच सुटली तेव्हा वापरा. 'अ वास्का स्लूशयेत दा येस्त', वास्का ऐकतो आणि खातो: चोरून कोंबडी खाणाऱ्या मांजराला आचारी प्रवचन देत बसतो, मांजर खाणं थांबवत नाही. आपल्याकडे यासाठी 'पालथ्या घड्यावर पाणी' म्हणतात, पण त्यात खाणाऱ्याचा निगरगट्टपणा येत नाही.

'त्रीश्किन कफ्तान' म्हणजे त्रीश्काचा अंगरखा. कोपर फाटलं म्हणून त्याने बाह्यांचा चौथा हिस्सा कापून ठिगळ लावलं. मग बाह्या आखूड झाल्या म्हणून खालचा घेर कापून त्या लांबवल्या. एक भोक बुजवायला दुसरं पाडणाऱ्या अंदाजपत्रकाला हे नाव अचूक बसतं.

'अस्वलाची सेवा' म्हणजे मोठा उपकार ना?

उलट. 'मेद्व्येझ्या उस्लूगा' म्हणजे मदत करायला जाऊन केलेला घात. अस्वल थोर म्हणून उपकारही थोर, असा समज रशियन शिकणाऱ्यांचा होतोच, पण काही तरुण रशियनांचाही होतो. त्यामुळे कोणी तुम्हाला हे म्हटलं तर संदर्भ बघूनच आभार माना.

कथा १८०८ची: झोपलेल्या संन्याशाच्या कपाळावरची माशी मारायला त्याचा मित्र अस्वल धोंडा उचलतो आणि माशीसकट संन्याशाला मारतो. नेमका हा शब्दप्रयोग कथेत नाही, तो तिच्यावरून मागाहून घडला. कथेत आहे ती ओळ अशी: 'सेवातत्पर मूर्ख शत्रूपेक्षा धोकादायक.'

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल आणि ते योग्यच आहे. पंचतंत्रातलं माकड राजावर बसलेली माशी तलवारीने हाकलतं, आणि तिथला श्लोक म्हणतो: 'पण्डितोऽपि वरं शत्रुर्न मूर्खो हितकारकः'. ही कथामाला पहलवी, अरबी, फारसी असा प्रवास करत युरोपात गेली. ला फोंतेनने १६७८च्या आपल्या दुसऱ्या संग्रहात भारतीय ऋषी 'पिलपाय' याचं ऋण मान्य केलं, आणि माळी व अस्वलाची कथा त्याच संग्रहात आहे. क्रिलोवने ती तिथून उचलली. माकडाचं अस्वल झालं, तलवारीचा धोंडा झाला, शिकवण मात्र जशीच्या तशी राहिली.

गोगोलच्या 'रेविजोर'मधून काय आलं?

पहिलंच वाक्य: 'क नाम येद्येत रेविजोर', आपल्याकडे तपासनीस येतो आहे. कोणत्याही कार्यालयात तपासणीची कुणकुण लागली की हे ऐकू येतं. मराठी रसिकांना हे नाटक पु. ल. देशपांडे यांच्या 'अंमलदार' या रूपांतरामुळे परकं वाटणार नाही.

पहिला प्रयोग पीटर्सबर्गच्या अलेक्सांद्रिन्स्की थिएटरात १९ एप्रिल १८३६ रोजी झाला. ही तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची. एकोणिसाव्या शतकातल्या रशियन तारखेत १२ दिवस मिळवले की आजची तारीख मिळते, म्हणजे १ मे. विसाव्या शतकात हा फरक १३ दिवसांचा होतो. दोन पुस्तकांत दोन तारखा दिसल्या तर आधी हा हिशोब करून बघा.

'नाचता येईना अंगण वाकडे'च्या जवळची 'तोंडच वाकडं तर आरशाला कशाला दोष' ही ओळ नाटकाच्या सुरुवातीला छापलेली असते. ती गोगोलने रचलेली नाही, लोकांतली म्हण आहे, आणि ती नाटकावर चढली १८४२च्या आवृत्तीत. शहरप्रमुखाचं 'कोणाला हसताय? स्वतःलाच हसताय!' हेही १८४२चंच. १८३६च्या प्रेक्षकांनी या दोन्ही ऐकल्या नव्हत्या. 'प्रयोग बघताना लोक चमकले' वगैरे लेखांत वाचलं तर सावध राहा.

'हवालदाराच्या विधवेने स्वतःलाच फटके मारले' या वचनाचा अर्थ तर पूर्ण फिरला आहे. नाटकात शहरप्रमुखाने त्या बाईला फटके मारवले आहेत आणि तपासनिसापुढे तो खोटं बोलतो की तिने स्वतःच स्वतःला मारून घेतलं. आज रशियन वर्तमानपत्रं हे वचन वापरतात ते बोलताबोलता स्वतःचंच पितळ उघडं पाडणाऱ्याबद्दल. अधिकाऱ्याची थाप भाषेत खरी ठरून बसली आणि मार खाल्लेली बाई वेंधळेपणाचं प्रतीक झाली. हा अन्याय आम्हाला प्रत्येक वेळी खुपतो.

'न्यमाया स्त्सेना', मूक दृश्य, हेही इथलंच. खरा तपासनीस आल्याची बातमी ऐकून सगळे जागच्या जागी गोठतात. गोगोलने सूचना दिली आहे की हा गोठलेला समूह जवळजवळ दीड मिनिट तसाच राहावा. रंगमंचावर दीड मिनिट फार लांब असतं, आणि पाच-दहा सेकंदांत पडदा पाडला तर दृश्याचा दाब जातो. रोजच्या बोलण्यात आता कोणी काही भलतंच बोललं आणि खोलीत सन्नाटा पसरला, की त्याला 'मूक दृश्य' म्हणतात.

'नरोद बेज्मोल्व्स्त्वुयेत' हे कोण म्हणतं?

कोणीच नाही. 'लोक गप्प आहेत' ही पुश्किनच्या 'बरीस गदुनोव'मधली शेवटची रंगसूचना आहे. एक बायार, म्हणजे सरदार, दिवंगत झार बरीसच्या विधवेच्या आणि मुलाच्या मृत्यूची बातमी देतो, आणि नव्या झारचा जयजयकार करा असं जमावाला सांगतो. १८२५च्या हस्तलिखितात जमाव जयजयकार करतो. छापील आवृत्तीवर १८३१ साल आहे, आणि तिच्यात जमाव गप्प राहतो. हा बदल पुश्किनचा स्वतःचा की सेन्सॉरच्या दबावाचा, यावर अभ्यासकांचा वाद जुना आहे. नाटक रंगभूमीवर आलं १८७० मध्ये. रंगसूचना वचन झाल्याची इतकी ठळक उदाहरणं दुर्मीळ. आज राजकीय लेखनात ते लोकांच्या निष्क्रियतेबद्दल वापरतात, पण नाटकात ती शांतता नकाराची आहे.

पुश्किनच्या नावावरची कोणती वचनं प्रत्यक्षात ऑपेरामधली आहेत?

इथे जाणकारही अडखळतात. 'श्तो नाशा झिज्न? इग्रा!' (आयुष्य म्हणजे काय? खेळ!) आणि 'उझ पोल्नच ब्लीजित्सा, अ गेर्मना फ्स्यो न्येत' (मध्यरात्र होत आली, गेर्मनचा अजून पत्ता नाही) ही दोन्ही चायकोव्स्कीच्या १८९०च्या 'हुकुमाची राणी' या ऑपेरातली. संहिता त्याचा भाऊ मदेस्त याची. पुश्किनची मूळ कथा गद्यात आहे आणि तिच्यात या ओळी नाहीत.

'ल्युब्वी फ्स्ये वोज्रस्ति पकोर्नि', प्रेमापुढे सगळी वयं वाकतात, हे खरोखर पुश्किनचं, 'येव्गेनी अन्येगिन'च्या आठव्या प्रकरणातलं. पण मूळ कडवं पुढे म्हणतं की तरुण मनाला प्रेम वसंतातल्या वादळासारखं फुलवतं, उतारवयात मात्र त्याची खूण दुःखद असते. १८७९च्या ऑपेरात ही ओळ वयस्क ग्रेमिनच्या तोंडी आली आणि पांढऱ्या केसांच्या योद्ध्यालाही प्रेम हितकारकच असतं असं तिथे गायलं गेलं. लोकांच्या कानात ग्रेमिनचा खर्ज राहिला, पुश्किनचा इशारा पुसला गेला.

परदेशी नाटकांतून आलेली वचनंही रशियन मानतात का?

हो, आणि त्यांतही चुका होतात. 'मूराने आपलं काम केलं, मूर जाऊ शकतो' हे वाक्य बहुतेक जण 'ऑथेल्लो'चं समजतात. ते शिलरच्या १७८३च्या 'फिएस्को' नाटकातलं आहे. काम संपल्यावर बाजूला फेकलेल्या माणसाबद्दल ते वापरतात. 'माणसासाठी भीती वाटते मला!' हे 'हॅम्लेट'चं म्हणून सांगतात, पण शेक्सपियरने ते लिहिलेलंच नाही. निकोलाय पलेवोयने आपल्या अनुवादात ती ओळ घातली आणि १८३७ मध्ये मॉस्कोत नट मचालोवने ती गाजवली.

चेखव, अस्त्रोव्स्की, गॉर्की?

'माणसात सगळंच सुंदर असावं: चेहरा, कपडे, मन आणि विचार.' सोव्हिएत काळापासून शाळांच्या भिंतींवर रंगवलेलं हे वाक्य 'वान्या मामा'मधल्या डॉक्टर आस्त्रवचं. तो म्हाताऱ्या प्राध्यापकाच्या तरुण बायकोबद्दल, येल्येनाबद्दल, बोलतो आहे आणि लगेच पुढे म्हणतो: ती सुंदर आहे यात शंका नाही, पण ती फक्त खाते, झोपते, हिंडते. म्हणजे मूळ वाक्य तक्रारीची सुरुवात आहे. 'माणूस! हा शब्द अभिमानाने निनादतो' हे गॉर्कीच्या 'तळाशी' (१९०२) नाटकातलं. बोलतो सातिन, धर्मशाळेत राहणारा, पत्त्यांत फसवणारा, आणि त्या वेळी प्यालेला. यामुळे वाक्य खोटं ठरत नाही, उलट त्याची उंची तिथूनच कळते.

अस्त्रोव्स्कीने उलटा रस्ता धरला: लोकांतल्या म्हणी उचलून नाटकांना नावं दिली, उदाहरणार्थ 'गरिबी हा दोष नव्हे'. त्यामुळे या म्हणी त्याने रचल्या असं लिहू नका. त्याच्या 'वादळ'मधली कतेरिना 'माणसं पक्ष्यांसारखी का उडत नाहीत' असं विचारते तेव्हा तिचा शब्द 'अत्चिवो' आहे. लोक सर्रास 'पचिमू' म्हणतात. अर्थ तोच, पण अवतरण चुकतं.

चेखवच्या गोष्टीतून आलेलं 'ना दिर्येव्न्यु द्येदुश्के', म्हणजे 'गावी, आजोबांना'. लहानगा वान्का पाकिटावर पत्ता म्हणून हे लिहितो आणि मग फक्त आजोबांचं नाव जोडतो. अपुऱ्या पत्त्याला आजही हेच म्हणतात.

सोव्हिएत काळातली वचनं?

इल्फ आणि पेत्रोवच्या 'बारा खुर्च्या' (१९२८) मधलं 'ऊत्रम द्येन्गि, व्येचेरम स्तूल्या', सकाळी पैसे, संध्याकाळी खुर्च्या. हे बोलतो नाटक कंपनीचा तंत्रज्ञ, जो मंचसामानातल्या खुर्च्या चोरून विकायला तयार झाला आहे. आगाऊ पैसे मागताना आज व्यवहारात हे म्हणतात. बुल्गाकोवच्या 'मास्टर आणि मार्गारिता' (छापली १९६६-६७) मध्येही थिएटर आहेच: व्हरायटी थिएटरच्या उपाहारगृहाचा प्रमुख 'दुसऱ्या ताजेपणाचा' स्टर्जन मासा पाठवला होता अशी सबब सांगतो, आणि त्याला उत्तर मिळतं की ताजेपणा एकच असतो, पहिला, आणि तोच शेवटचा. शिळ्या मालावर आणि शिळ्या बातमीवरही हे चालतं.

'थिएटरची सुरुवात कोट टांगायच्या खुंटीपासून होते' हे स्तानिस्लाव्स्कीचं ना?

विचार या दिग्दर्शकाचा, शब्द तसे नाहीत. १९३३ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरच्या कोट सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की आपल्या थिएटरात प्रयोग प्रेक्षक इमारतीत पाऊल टाकतो त्या क्षणी सुरू होतो. खुंटी लोकांनी नंतर आणली.

एखाद्या वचनाचं मूळ स्वतः कसं तपासायचं?

१. वाक्य रशियनमध्ये लिहून घ्या आणि त्यातले दोन-तीन न बदलणारे शब्द निवडा. पूर्ण वाक्य शोधलं तर एका शब्दाच्या फरकाने मूळ हुकतं.

२. आशुकिनांच्या कोशात बघा. तिथे अंक आणि प्रवेश क्रमांक मिळतो.

३. लेखकाच्या संपूर्ण साहित्याच्या चिकित्सक आवृत्तीत तो प्रवेश उघडा. आधीचं आणि नंतरचं निदान एकेक पान वाचा. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, हे टिपून ठेवा.

४. आवृत्तीचं साल बघा. 'रेविजोर' आणि 'बरीस गदुनोव'चं काय होतं ते वर आलंच आहे.

५. लेखकाआधी ते लोकांत होतं का, हे तपासा. इथे मोठी चूक होते: कोशकार व्लादिमिर दालच्या म्हणींच्या संग्रहात सापडलं म्हणून ते लोकवाङ्मय ठरत नाही. तो संग्रह १८६२चा आहे, तोवर क्रिलोव आणि ग्रिबोयेदव लोकांच्या तोंडी बसले होते. त्यांच्या आधीचा पुरावा हवा असेल तर १७७०चा ४२९१ म्हणींचा संग्रह किंवा रशियन भाषेच्या राष्ट्रीय कॉर्पसमध्ये (शोधता येणाऱ्या मजकुरांच्या संग्रहात) सालाची मर्यादा घालून केलेला शोध उपयोगी पडतो.

मराठीत अनुवाद करताना मराठी म्हण वापरावी की शब्दशः द्यावं?

पात्र ते वाक्य नकळत, बोलण्याच्या ओघात वापरत असेल तर मराठी म्हण द्या. पात्र मुद्दाम ग्रिबोयेदव किंवा गोगोलकडे बोट दाखवत असेल तर शब्दशः द्या आणि वाक्यातच 'गोगोलच्या शहरप्रमुखासारखं' असा एक टेकू घाला. तळटीप शेवटचा उपाय. ज्या मराठी म्हणीत गावाचं, देवाचं किंवा जातीचं नाव आहे ती टाळा. मॉस्कोतल्या कारकुनाच्या तोंडी आळंदी आणि देहू आली की वाचक गोष्टीबाहेर फेकला जातो.